चौदावी जागा

६ जानेवारी

शाळेच्या मैदानावर सहावीच्या पोरांना रिलेसाठी उभं करत होते, तेव्हा सत्यजित सरांचा फोन आला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. कशी आहेस वगैरे काही नाही. "जुई, तुझा जन्म कुठला?"

म्हटलं, "गाबोरोनचा, सर. बोत्सवाना. का?"

"वाटलंच मला. गोलंदाजी टाकतेस का अजून?"

हो म्हटलं. अगदी खोटं नाही, शाळेच्या मुलींना नेटमध्ये टाकतेच की. पण सर विचारत होते ते वेगळं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

डावखुरी फिरकी मी त्यांच्याच हाताखाली शिकले. राज्याच्या संघात दोन मोसम खेळले, मग नाव आलं नाही, मग नाव येण्याची वाट बघणंही थांबलं आणि ही खेळशिक्षिकेची नोकरी लागली. सर तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेत गेले. आता ते बोत्सवानाच्या महिला संघाचे प्रशिक्षक आहेत आणि मोठ्या पात्रता स्पर्धेआधी संघाला सरावासाठी इथे भोपाळला आणतायत. मैदान कोलार रोडला, मुक्काम साकेत नगरच्या एका हॉस्टेलमध्ये.

"नेटमध्ये टाकायला ये," म्हणाले. मग जरा थांबून, "जी ज्या देशात जन्मली ती त्या देशाकडून खेळू शकते. नियम आहे. डोक्यात ठेव."

फोन ठेवल्यावर सहावीची पोरं विचारत होती, "मॅडम, अब दौड़ें?" मला ते ऐकूच येईना.

७ जानेवारी

घरी सांगितलं. बाबा तर खुर्चीतून उठलेच. ते तिकडच्या वीजकेंद्रावर इंजिनिअर होते, मी पावणेदोन वर्षांची असताना आम्ही परत आलो. मला तिथलं काहीच आठवत नाही. फोटोही चारच आहेत.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "तिथे तुझं काय आहे?"

बाबा म्हणाले, "अगं, जन्म आहे तिचा."

"जन्म मी दिलाय. देशाने नाही."

आईला सचिवालयातून रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत, त्याआधी, म्हणजे शिवाजी नगरचं हे क्वार्टर सुटायच्या आधी, तिला माझं लग्न उरकायचंय. अमरावतीच्या स्थळाचं उत्तर यायचंय. त्यात हे आफ्रिकेचं म्हणजे तिला कटकटच वाटत असणार. बाबा मला हळूच म्हणाले, "तिला तिकडे करमलंच नव्हतं कधी. नको मनावर घेऊस."

१२ जानेवारी

शाळा सुटल्यावर मैदानावर गेले. पंधरा मुली आल्यात. त्यातल्या एकीचा गुडघा पहिल्याच दिवशी सुजला, ती परत जाणार. म्हणजे उरल्या चौदा. स्पर्धेलाही चौदाच नेता येतात, त्यामुळे सगळ्या निवांत आहेत. निवड कुणाची व्हायची याचा ताण नसलेलं सराव शिबिर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

थंडी वाजते म्हणून सगळ्या टोप्या, मफलर गुंडाळून. लोराटो नावाची त्यांची डावखुरी फिरकी गोलंदाज आहे. सरांनी आम्हा दोघींना शेजारशेजारच्या नेटमध्ये टाकायला लावलं. तिचा चेंडू माझ्यापेक्षा जोरात जातो, वळत नाही. माझे पहिले दहा चेंडू तर इतके आखूड पडले की लाज वाटली. मग हाताला काहीतरी आठवलं आणि एक असा वळला की नेटमधली मुलगी हसायलाच लागली.

लोराटो धावत आली. म्हणाली, "बोटं दाखव." (त्यांच्याशी सगळं इंग्रजीत बोलते, इथे मराठीतच लिहितेय.) अर्धा तास मी तिला पकड दाखवत होते.

अजून एक केफिल्वे म्हणून आहे. एकोणीस वर्षांची, राखीव यष्टिरक्षक. सगळ्यांचे चेंडू गोळा करून देते. फार बोलत नाही.

१५ जानेवारी

आज सरांनी सरळच विचारलं. स्पर्धेच्या खेळपट्ट्या फिरकीच्या असणार, त्यांना चेंडू वळवणारी डावखुरी हवी. नावं २८ तारखेला जायची आहेत. "एकदा तिकडून खेळलीस की इकडून काही वर्षं बंद," ते म्हणाले.

"इकडून मला सत्ताविसाव्या वर्षी कोण बोलावतंय, सर?"

"म्हणून विचारतोय."

घरी येताना न्यू मार्केटला उगाच उतरले. एका दुकानात निळी जर्सी टांगलेली होती, आपल्या संघाची, नकली. नऊ वर्षांची असताना बाबांनी अशीच घेतली होती आणि मी ती घालून झोपत असे. आता एक खरीखुरी मिळतेय, पण ती निळी नाही. निळीच आहे, पण फिकट, आणि ती निळी नव्हे. मला आनंद झालाय का? झालाय असं वाटतं.

१८ जानेवारी

बाबांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सगळ्या म्हणजे आमच्या दोन खोल्यांत मावतील तितक्या. लोराटो, केफिल्वे आणि आणखी चार जणी आल्या, आणि सर.

मला वाटलं आई पुऱ्या-श्रीखंड करेल. परवापासून तिने ज्वारीचं पीठ भिजवून आंबवत ठेवलं होतं, मी विचारलं तर म्हणाली, "असू दे." आज ते तिने शिजवलं, आंबट आणि घट्ट, आपल्या आंबिलीपेक्षा कितीतरी घट्ट, आणि सोबत पालक, शेंगदाण्याचं कूट घालून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परदेशी पाहुणे, आणि हे. मी वाढायच्या आधीच सांगून टाकलं की पुलावही आहे.

केफिल्वेने एक घास घेतला आणि खाली बघत बसली. मला वाटलं, झालं, आवडलं नाही. आईने तिला काहीतरी विचारलं. मराठीत नाही, इंग्रजीतही नाही, त्यांच्या भाषेत. सगळ्या मुली एकदम बोलायला लागल्या, आणि आई त्यांना उत्तरं देत होती. अडखळत, चुकत, पण देत होती. ते त्यांच्याकडचंच जेवण निघालं; पुलाव तसाच राहिला.

नंतर केफिल्वे आईबरोबर स्वयंपाकघरात गेली, भांडी घासू लागली. आई असं कुणाला घासू देत नाही. मी ताटं घेऊन गेले तेव्हा आई हसत होती, तोंडावर हात न ठेवता. आणि आता इंग्रजीत म्हणत होती, "मी गाडी चालवायचे तिथे. शाळेपर्यंत. लहान मुलांच्या शाळेत शिकवत होते ना मी."

मी आईला कधी स्कूटीसुद्धा चालवताना पाहिलेलं नाही. बाहेर येऊन बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, चालवायची थोडीफार. मग आजीचं दुखणं निघालं आणि परत यावं लागलं." आणि सरांना पुलाव वाढायला लागले.

पाहुणे गेल्यावर आईचं डोकं दुखत होतं. इतक्या जणींचं करून दमली असणार. पुढच्या वेळी बाहेर नेऊ.

२२ जानेवारी

लोराटो मला त्यांचं राष्ट्रगीत शिकवतेय. सामन्याआधी म्हणावं लागतं, नुसते ओठ हलवले तर कॅमेऱ्यात दिसतं, ती म्हणाली. शब्द तोंडात बसत नाहीत. आज एका ओळीला मी पाचव्यांदा चुकले तर ती एकदम चिडली. "तुला अर्थ माहीत नाही म्हणून चुकतेस," म्हणाली. मग लगेच माफी मागितली.

मग विचारलं, "तू येणार आहेस, नक्की?"

म्हटलं, अजून ठरलं नाही.

ती बराच वेळ बूट बांधत होती. बूट आधीच बांधलेले होते.

आता झोप येत नाही. किती मूर्ख आहे मी. एक डावखुरी असताना दुसरी कशाला नेतील? मी आले तर लोराटो जाणार. आणि मी तिलाच पकड शिकवतेय आणि ती मला राष्ट्रगीत.

२५ जानेवारी

सराव सामना. समोर भोपाळच्याच मुलींचा संघ, त्यातल्या तिघी माझ्याबरोबर खेळलेल्या. माझ्या अंगात बोत्सवानाचा टी-शर्ट. त्यातली एक म्हणाली, "क्या जुई, पार्टी बदल ली?" हसतच म्हणाली, पण मग मला पुढचा चेंडू कुठे टाकायचा ते सुचेना. दोन षटकांत सतरा धावा गेल्या.

तिसऱ्या षटकात लोराटो मिड-ऑफवरून आली आणि म्हणाली, "हळू टाक. तूच मला सांगतेस ना." हळू टाकला. त्यानंतर चार बळी मिळाले. त्यातला एक यष्टिचीत, केफिल्वेने केला, आज मुख्य यष्टिरक्षकाला विश्रांती होती. चेंडू पायामागून गेला होता, मला वाटलं चार धावा. वळून बघते तर बेल्स उडालेल्या आणि ती इतकी शांत उभी की जणू काही झालंच नाही.

सामन्यानंतर मी लोराटोला विचारून टाकलं, तुझी जागा जाणार का माझ्यामुळे. ती म्हणाली, "मलाही तेच वाटत होतं. सरांना विचारलं काल. त्यांना दोघीही हव्यात." आणि मला मिठी मारली. मला इतकं हलकं वाटलं की हॉस्टेलपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. केफिल्वे मागे किट ओढत येत होती. आम्ही तिला हाक मारली, पण ती हळूहळूच आली.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. राष्ट्रगीताला सुरुवात करून द्यायचं काम माझं. पहिला शब्द म्हणायला तोंड उघडलं आणि लोराटोने शिकवलेला शब्द आला. अर्धाच आला, मी तो खोकल्यात घालवला. मुलांनी बरोबर सुरुवात केली. कुणाला कळलं नाही.

मी काय करतेय?

२७ जानेवारी

सरांना जन्माच्या दाखल्याची प्रत हवी आहे. आईकडे मागितली. तिने कपाटातून काढून दिली, पण हातातून सोडेना.

मी म्हटलं, "आई, तुझा राग लग्नाचा असेल तर मी अमरावतीच्या लोकांशी बोलते."

"कसलं अमरावती," ती म्हणाली. "तुला तिथलं काही आठवतं? लाल माती? समोरच्या घरातली म्मा सेथुन्या तुला पाठीला बांधून फिरायची, ते आठवतं?"

"नाही ना."

"मला सगळं आठवतं. आणि बोलावणं आलं तुला."

मग तिने कागद दिला आणि कुकर लावायला गेली.

तू पण चल म्हणावं, तर तिला कुठे क्रिकेट खेळायचंय. बाबा म्हणतात तिला करमलं नव्हतं. मग हे काय? बाबांना परत विचारायला गेले आणि विचारलं नाही.

२८ जानेवारी

दुपारी सरांना हो म्हटलं. संध्याकाळी सरांनी हॉस्टेलच्या गच्चीवर सगळ्यांना बसवून नावं वाचली. माझं आलं, लोराटोचं आलं. टाळ्या वाजल्या. मी लोराटोचा हात धरून बसले होते आणि वाचून संपलं तरी मला कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. ती केफिल्वेकडे बघत होती.

चौदा होत्या. मी पंधरावी. इतकं साधं गणित, सहावीच्या पोरानेही केलं असतं. मी तीन दिवस लोराटोचं वाईट वाटून घेत होते.

केफिल्वे उठली, सगळ्यांच्या चहाचे कप गोळा केले आणि खाली घेऊन गेली.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने विचारलं, "कोण राहिलं?" मी नाव सांगितलं. आई जेवली नाही.

२९ जानेवारी

सकाळी सरांकडे गेले. म्हटलं, खांदा दुखतोय असं सांगते, माझं नाव काढा.

सर म्हणाले, "दुखतोय?"

"नाही."

"मग ऐक. राखीव यष्टिरक्षक सहा सामने बाकावर बसते. तू सहा सामन्यांत चोवीस षटकं टाकशील. तीन वर्षं या मुली माझ्याबरोबर राबतायत, पात्रता स्पर्धेत एक सामना जिंकलेल्या नाहीत. त्यांना एक जिंकायचाय. तुला स्वतःला बरं वाटून घ्यायचं असेल तर त्यासाठी माझा संघ नाही."

मग केफिल्वेकडे. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिलाही तेच सांगितलं, खांद्याचं. ती हातातला टॉवेल झटकत राहिली.

"नको," म्हणाली. "तू खोटं आजारी पडलीस आणि मी आत गेले, तर मी कशी आत गेले ते मला जन्मभर माहीत असेल."

"मग मी काय करू?"

"खेळ."

मी तिथेच उभी राहिले. तिने अजून एक टॉवेल टाकला, चिमटा लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठीक आहे असं माझ्या तोंडून ऐकायला आली असशील, तर ते मी म्हणणार नाही. माझ्या आईने गावभर सांगितलंय."

मी चिमट्यांची टोपली धरली. तिने ती परत घेतली. उद्धटपणे नाही. घेतली इतकंच.

३१ जानेवारी

केफिल्वे आणि गुडघा सुजलेली मुलगी आज गेल्या. आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना सोडायला विमानतळावर गेली. मला बोलावलं नाही. मी येऊ का असं मीही विचारलं नाही. मी गेले असते तर केफिल्वेला नको वाटलं असतं, असं मी म्हणतेय. खरं तर मलाच नको वाटलं.

आई परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. बाबा म्हणाले, "अगं, पंधरा दिवसांची ओळख." आईने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ती काही बोलेल. चोवीस-पंचवीस वर्षांचं काहीतरी बोलेल असं वाटलं. ती हातपाय धुवायला गेली.

१ फेब्रुवारी

निघाले. स्पर्धा कंपालाला आहे. मला सोडायला बाबा आले. आई दारापर्यंत आली. तिने लोराटोच्या भाषेत काहीतरी म्हटलं, जाणाऱ्याला म्हणतात तसं. मी विचारलं, याला उत्तर काय द्यायचं असतं? ती म्हणाली, "लोराटोला विचार."

लोराटोला विमानात विचारलं. जाणारी म्हणते, नीट राहा. मी काहीच न म्हणता निघून आले होते.

८ फेब्रुवारी, कंपाला

आज पहिला सामना झाला. राष्ट्रगीताला दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला थांबले. विसरले नव्हते. शेजारी उभं राहून लोराटो इतकं मनापासून म्हणत होती की मला वाटलं, मी हे कुणाचं म्हणतेय. तिने कोपराने ढोसलं. मग म्हटलं, शेवटपर्यंत. तिसऱ्या ओळीचा अर्थ मला आता माहीत आहे: आमच्या पूर्वजांचा वारसा. त्याने सोपं झालं नाही.

आम्ही जिंकलो. लिहून बघितलं, आम्ही जिंकलो. माझे तीन बळी, लोराटोचे दोन. शेवटची फलंदाज तिने बाद केली आणि आम्ही सगळ्या खेळपट्टीवर एकमेकींच्या अंगावर पडलो. सर सीमारेषेबाहेर पाठ करून उभे होते. ते रडत होते हे सगळ्यांना कळलं.

हॉटेलवर आल्यावर घरी फोन केला. बाबांनी तिन्ही बळी एकेका चेंडूसकट सांगायला लावले. मग आईला फोन दिला. आईला क्रिकेटमधलं काही कळत नाही, कधी एक सामना बसून बघितला नाही तिने. तिने बळींचं विचारलं नाही.

"तुझ्या चेंडूंच्या मागे कोण उभं होतं आज?"

मी मुख्य यष्टिरक्षकाचं नाव सांगितलं.

"नीट अडवले तिने?"

"एक सुटला. चार गेल्या."

"बरं," आई म्हणाली. "वेळेवर जेव."

फोन ठेवला. बाहेर पोरी गाणी म्हणतायत, मला हाका मारतायत. तो एक चेंडू सुटला तेव्हासुद्धा मला केफिल्वेची आठवण झाली नव्हती. सकाळपासून आईने विचारेपर्यंत एकदाही झाली नाही. मी खूश होते. इतकी खूश मी कधीच नव्हते, राज्याकडून खेळताना नाही, कधीच नाही. हे लिहायला नको वाटतंय, पण खरं आहे म्हणून लिहिलं. आता खाली जाते, बोलावतायत.